अण्णा मागच्या सीटवर

मंडळी, गाडी शिकून मला जेमतेम सहा महिने झालेत आणि पुढच्या आठवड्यात मी एकटीच मोटरसायकलवर जालन्याहून गणपतीपुळ्याला निघणार आहे. रस्ता, मुक्काम, सगळं ठरलंय. अडलं होतं फक्त आमच्या अण्णांपाशी.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर ट्रक चालवला. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की त्यांचा डोळा लागत नाही. लग्नाच्या ट्रॅव्हल्समध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मागं बसून रात्रभर रस्ता बघतात. मला म्हणाले, "आधी मला हसनाबादला आत्याकडं नेऊन आण. मंग बोलू."

आज सकाळी निघालो. राजूरपर्यंत मागून सूचना चालूच. "टेम्पोला एवढं चिकटू नको." "वळणाच्या आधी गेअर कमी कर." मी ऐकत गेले, कारण माणूस बराबर सांगत होता.

येताना मात्र मागून आवाजच नाही. वाटलं, काही चुकलं, चिडले बहुतेक. तेवढ्यात त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्‌कन आदळलं. मी गाडी बाजूला घेऊन मागं पाहिलं, तर अण्णा मस्त डुलक्या घेऊन राह्यले होते.

जवळच्या टपरीवर चहा पाजला. घोट घेत म्हणाले, "झोपलो न्हवतो. डोळे मिटले होते फक्त."

परवानगीचं अजून एक अक्षर बोललेले नाहीत. मी मात्र घरी आल्याआल्या बॅग भरायला घेतलीय. तुम्हीच सांगा, आता त्यांनी तोंडानं हो म्हणायची वाट बघू का?