ग्रीसची एकच जागा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका आर्मी कॅम्पवर सिग्नल कंपनीत स्पेशालिस्ट या हुद्द्यावर होतो. आईवडील नागपूरचे, वडील डॉक्टर. मी भरती झालो तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

साडेपाचला पीटी, आठला ऑफिस. ड्यूटीचं रोस्टर टाइप करायचं आणि परदेशी पोस्टिंगवर जाणाऱ्यांसाठी त्या देशाची माहिती लिहून द्यायची, हे माझं काम.

त्या वर्षी ग्रीसला एकच जागा निघाली. अर्ज दोघांचे, माझा आणि कॉर्पोरल डेल हार्किन्सचा. जागा डेलला मिळाली. माहिती मात्र मला लिहावी लागली. राजधानी अथेन्स. चलन ड्राक्मा. घड्याळ सात तास पुढे. दुपारी दुकानं बंद. 'ने' म्हणजे हो. उघडा पंजा कुणासमोर धरू नये, शिवी समजतात. वारा वाढला की बेटांच्या बोटी रद्द होतात, म्हणून परतीला एक दिवस हाताशी ठेवावा.

हे सगळं मी सहा महिने लायब्ररीत बसून स्वतःसाठी उतरवलं होतं.

डेलने कागद वाचले. "वानखेडे, तू तर जाऊन आल्यासारखं लिहिलंयस! पोस्टकार्ड पाठवू?"

"नको," मी म्हणालो.

तो मनापासून विचारत होता. त्याचाच मला जास्त राग आला.

निघायच्या आठवड्यात माणसाला फील्ड एक्सरसाइझमधून, म्हणजे मैदानी सरावातून, सूट असे. नवं रोस्टर मी जुन्यावरून टाइप केलं, त्यात डेलचं नाव तसंच राहिलं. मला ते दिसलं. रेघ मारायला हवी होती. ग्रीसला जाणारच आहे, आधी दोन दिवस चिखल तुडवू दे, असं मनात आलं. मी कागद फर्स्ट सार्जंटच्या सहीला पाठवला. डेलनेही तक्रार केली नाही.

गुरुवारी सराव चालू असताना ओढ्याच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. मी रेडिओवर होतो. चौदा दहाला कॉल आला.

"बेस, टू-फोर. ओढ्यात ट्रक अडकलाय. दोघं आत. पाणी चढतंय. ओव्हर."

टू-फोर म्हणजे डेलची तुकडी, आवाजही त्याचाच.

"टू-फोर, काठावर थांबा. मदत निघाली आहे. वीस मिनिटं. ओव्हर."

"वीस मिनिटं नाहीत. दोर बांधून मी उतरतोय. आउट."

मी तीनदा हाक मारली. उत्तर नाही. चौदा एकतीसला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं, दोघं बाहेर आले, दोर तुटला. सोळा पाचला डेल दीड मैल खाली सापडला.

पुढच्या आठवड्यात फर्स्ट सार्जंटने बोलावलं. "ग्रीसची जागा आता तुझी."

"मी जाणार नाही, फर्स्ट सार्जंट." मग रोस्टरचं सांगितलं.

त्याने फाइलमधून ते रोस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. "सही माझी आहे," म्हणाला. "जा, कामाला लाग."

डेलची आई ओहायोहून त्याचं सामान न्यायला आली. बॅग उचलून मी गाडीपर्यंत गेलो.

"त्या दिवशी त्याची ड्यूटी होती?" तिने विचारलं.

"यादीत नाव होतं, मॅम."

ते खोटं नव्हतं. उरलेलं बोलायला तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"त्याला पोहता येत नव्हतं. लहानपणापासून पाण्याला भ्यायचा."

मी बॅग डिकीत ठेवली. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत सॅल्यूट धरून उभा राहिलो.

कॉर्पोरल डेल हार्किन्स, वय चोवीस. पोहता येत नसताना तो दोघांसाठी पाण्यात उतरला. ते दोघे आजही आहेत.