विहिरीत शिकवलेला समुद्र

अमरावतीपासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर आहे. तरी मी इथल्या एका कॉलेजात एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलांना समुद्रतळाशी रोबोट चालवायला शिकवतो. रोबोट एकच. बारा लिटरच्या कॅनएवढा, पुढे कॅमेरा, मागे साठ मीटर पिवळी केबल. मुलं त्याला डब्बा म्हणतात. पाण्यात सोडल्यावर तो वरही यायला नको आणि बुडायलाही नको, म्हणून त्याच्या पोटाखाली मी लोखंडी नट बांधतो. एक नट पंधरा ग्रॅमचा. हे काम मी कोणाच्या हाती देत नाही.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी अकोल्याची होती. विषय समुद्रतळाच्या गाळातले किडे. किनाऱ्यावरच्या एका संस्थेच्या मोहिमेत जागा मिळाली, तरच तो विषय पुढे सरकणार होता. चाचणी अशी, की आपला रोबोट होडीवरून सोडायचा आणि चाळीस मिनिटांच्या आत तळाचं सलग वीस मिनिटांचं चित्रण आणायचं. वयाच्या अटीमुळे तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

कॉलेजच्या टाकीत तिने दोन महिने सराव केला. पण ते पाणी गोडं. मग तीच म्हणाली, "सर, आमच्या मामाची इहीर खारपाणात आहे. तिथं चाला."

पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातली ती विहीर. मामांनी बादलीभर पाणी काढून दिलं. मी ओंजळीने चाखलं आणि थुंकलो. मामा हसले. "चहाले बी नाही चालत, मास्तर. दूध फाटते. समुद्र याच्याहून काय येगळा राहीन?"

त्या पाण्यात डब्बा वर येऊ लागला. दोन नट वाढवले, तीस ग्रॅम, आणि तो मधोमध स्थिर झाला. मी वहीत लिहिलं: खाऱ्या पाण्यासाठी अधिक तीस. क्षार मोजायचं उपकरण प्रयोगशाळेच्या कपाटात होतं. ते नेलं नाही. आम्हा तिघांपैकी समुद्राचं पाणी कोणीच चाखलेलं नव्हतं. पण खारं म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी शिकवावं, असं मला वाटलं असावं. उरलेले नट पेढ्याच्या डब्यात घालून मी घरच्या टेबलाच्या खणात ठेवले. नेमकं वजन बांधलं होतं. जादा कशाला द्यायचं?

चाचणीच्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी दुपारची होती, म्हणून तिच्यासोबत गेलो नाही. सकाळी नऊ चाळीसला फोन आला.

"सर, हा खालीच नाही जाऊन राहिला."

"मोटर फिरते?"

"फिरून राहिली. दोन मीटर जाते अन् वर येते. बुचासारखा. कावून होऊन राहिलं सर असं?"

मागे होडीवाला विचारत होता, सुरू करायचं का. चाळीस मिनिटांचं घड्याळ तर आधीच सुरू झालं होतं.

मी कागद ओढला. बारा लिटर. समुद्राच्या लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे गोड्या पाण्यापेक्षा लिटर पंचवीस ग्रॅमने जड. हे आकडे मला पाठ होते. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो. उत्तर आलं तीनशे ग्रॅम. दोन नट नाही, वीस. कमी पडलेले अठरा माझ्यासमोर खणात होते.

"अजून दोनशे सत्तर ग्रॅम पाहिजे. काहीही शोध."

"पान्याची बाटली भरून बांधू?"

"नको. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. होडीवर लोखंड, शिसं?"

"जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आहेत. एक कितीची, मले काय मायीत! इथं काटा कुठून आनू?"

"बांधून पाहा. एकेक वाढव. मागे-पुढे सारख्या."

"सर, तुमी तं म्हनलं होतं बराबर आहे."

फोन कटला. मी पुन्हा लावला, लागेना. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि विहिरीचं पाणी चाखल्याचं मीच तिला आधी सांगितलं होतं.

"वरणात मीठ कमी पडलं तर ताटावरून उठता तुम्ही," ती म्हणाली, "अन् तिथं मोजायचं सोडून चाखत बसले?"

मी पेढ्याचा डबा उघडून नट मोजत बसलो. अडतीस होते. पुन्हा मोजले.

अकराला फोन आला. डब्बा खाली गेला, पण गोळ्या पुढे जास्त झाल्या होत्या, तोंड गाळात. सोडवून सरळ करेपर्यंत वेळ गेला. चित्रण नऊ मिनिटांचं. "नऊच झाले, सर," एवढंच ती म्हणाली. रडली असती तर मला बोलता तरी आलं असतं.

मी संस्थेला पत्र लिहिलं: चूक माझी आहे, हिशेब सोबत जोडला आहे, मुलीला पुन्हा एक संधी द्यावी. उत्तर दोन ओळींचं आलं. वेळेचा नियम सर्वांना सारखा होता.

ती परत आल्यावर मी उपकरण घेऊन एकटाच मामांच्या विहिरीवर गेलो. लिटरला साडेतीन ग्रॅम. समुद्राचा दहावा हिस्सा. मामांनी विचारलं, "काय निंघालं?" मी आकडा सांगितला. त्यांनी बादलीतलं पाणी ओतून दिलं. "म्हंजे पोरीचं आमच्या पान्यानं गेलं," ते म्हणाले. मी म्हणालो, पाण्याने नाही, माझ्याने. त्यांना ते पटलं असं दिसलं नाही.

तिला विषय बदलावा लागला. आता ती धरणाच्या गाळातले किडे पाहते. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो, पेढ्याचा डबा घेऊन. खारपाणासाठी वाढवलेले ते दोन नट तिने माझ्यासमोर सोडले, माझ्या हातात ठेवले आणि डब्बा पाण्यात सोडला. गोड्या पाण्यात तो काठापासून हातभर खाली गेला आणि जागच्या जागी थांबला. वर नाही, खाली नाही.

"बराबर आहे, सर," ती पडद्याकडे बघत म्हणाली.