डावा कौल

आमच्या गावचा गेणबा गुरव लई हट्टी माणूस. हे मी रागानंच सांगतीया, आन् त्याच्यावर रागवायचा माझ्याइतका हक दुसऱ्या कुणाला न्हाई. त्याच्यामुळं मी जगले आन् त्याच्यामुळंच सगळ्या मुळशी पेट्यात माझी बदनामी झाली.

वाघजाई देवीच्या राईतली वाळकी काडीसुदिक कुणी न्यायची न्हाई, आशी आमच्याकडची रीत. लईच नड आली तर गुरवानं आईला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आन् हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर आई हो म्हणाली. डावी पडली तर गुमान उठून घरी जायचं. गेणबाचा आजा, बाप, सगळ्यांनी हेच केलं.

माझा जन्म भर आषाढातला. आमचं घर गावापासनं लांब, माळावर. झड लागलेली, छपराचं एक पाखं वाऱ्यानं उडालेलं, लाकडं-शेणी भिजून चिंब. आई, साळूबाई, बाजेवर कुडकुडत व्हती आन् मी निळी पडले व्हते. बाळंतिणीला शेक द्यावा तर चुलीतनं नुसता धूर. गावातनं आणलेलं इंगळ वाटंतच इझलं. मग माझा बाप, भिकू, पळत गेला आन् त्यानं गेणबाचे पाय धरले.

गेणबा राईतल्या देवळात जाऊन बसला. बाप बाहेर भिजत उभा. आत काय झालं ते त्याला दिसलं न्हाई. थोड्या येळानं गेणबा बाहेर आला, देवळाच्या वळचणीला कोरडा राहिलेला हिरड्याचा ओंडका त्यानं खांद्यावर घेतला, वर आपलं घोंगडं टाकलं आन् सोता भिजत आमच्या घरी आणून फोडून दिला. त्या शेकावर मी जगले.

राईतलं लाकूड गेलं म्हणून गावात बोभाटा झाला. चावडीवर बैठक बसली. खरं तर सगळी माणसं त्याला सोडवायलाच बसली व्हती. पाटील कोंडाजी म्हणाला, "गेणबा, आईनं उजवाच दिला आसंल, व्हय ना? तेवढं बोल आन् ऊठ."

बघायला आत दुसरं व्हतं कोण? नुसती मान हलवली आसती तरी भागलं आसतं!

पर हा म्हणाला, "न्हाई, पाटील. डावा दिला. मी म्हणलं, आई, तू न्हाई म्हणलीस ते ऐकलं, तरी नेतो, काय करायचं ते माझं कर. लेकरू मरत व्हतं. आज पुन्यांदा तशी येळ आली तरी नेईन. पर आई जे बोलली न्हाई, ते मी तिच्या तोंडी घालणार न्हाई."

झालं. पूजा त्याच्याकडनं काढून चुलतभावाला, बहिरूला दिली. गेणबा पत्रावळी लावून पोट भरू लागला. रोज सकाळी राईच्या शिवेवर यायचा, तिथनंच आईला हात जोडायचा आन् माघारी फिरायचा. आन् माझं नाव पडलं डाव्या कौलाची! कुणाची म्हैस आटली, माझ्यावर आळ. कुणाची शेळी वाघरानं नेली, माझ्यावर आळ. हळदीच्या मांडवात बायका मला लांब बसवायच्या. लई रडायचे मी.

एकदा त्याला तोंडावर इचारलं, "आबा, एवढा ओंडका उचललात, मग एक शब्द उचलायला काय झालं व्हतं?"

"पोरी, ओंडका माझ्या खांद्यावर व्हता," म्हणाला. "शब्द आईचा व्हता."

आता ह्याला काय म्हणावं! मी तणतणत घरी गेले.

मला सोळावं लागलं. माझ्या बरोबरीच्या पोरी नांदायला गेल्या, आमच्या दारात कुणी फिरकंना. आई झुरून अर्धी झाली. तशात नेऱ्याचे हैबतराव आपल्या पोरासाठी मला बघायला आले. पोरगी पसंत पडली, पर कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलंच. म्हणाले, "गुरवालाच बोलवा. सोताचं वाटोळं झालं तरी खोटं बोलला न्हाई, आसं ऐकलंय. तो सांगंल ते खरं."

बापाचं तोंड उतरलं. गेणबा काय सांगणार ते आमाला ठाऊक व्हतं. आईनं तोंडात पदर कोंबला.

गेणबा आला, ओसरीवर टेकला. मी दाराआड. हैबतरावांनी इचारलं, "गुरव, कौल कुठला पडला व्हता?"

त्यानं दाराकडं बघितलं. मला हुंदका आवरला न्हाई, तो त्यानं ऐकला आसावा.

"उजवा," गेणबा म्हणाला. "पावसाळी अंधार व्हता, माझीच बघण्यात चूक झाली. आईनं उजवाच दिला व्हता."

घरात आनंदीआनंद झाला, गूळ वाटला. गेणबानं गूळ हातात घेतला, खाल्ला न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं तो राईच्या शिवेवर गेला न्हाई. गाव म्हणालं, म्हातारा थकला. मला ठाऊक व्हतं काय झालं ते, पर मी अंगाला हळद लागायची वाट बघत व्हते.

लगीन झालं. नवरा मारकुटा निघाला. जेवणात मीठ कमी पडलं तरी कासरा घ्यायचा.

दिवाळसणाला माहेरी आले तर गेणबानं अंथरूण धरलेलं. जवळ बसले तशी त्यानं माझा हात धरला.

"बरी हायेस न्हवं, तुळजे? खरं सांग. तुझ्यासाठी आईच्या तोंडी खोटं घातलंय म्या. ते वाया नगं जाया."

पाठ नुसती ठणकत व्हती. मी दंडावर पदर ओढून घेतला.

"लई बरी हाय, आबा. फुलावाणी ठेवत्यात मला."

त्याच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. "मग झालं," म्हणाला आन् भिंतीकडं कूस बदलली.

मार्गशीर्षात तो गेला. माझी तिरडी राईपाशी थांबवू नका, आसं त्यानं बहिरूला सांगून ठेवलं व्हतं, म्हणून तिथं खांदा न बदलता तशीच पुढं नेली.

मी नेऱ्याला माघारी गेले. नवरा मरूनबी आता लई वर्षं झाली. तरी संसार कसा झाला म्हणून कुणी इचारलं, तर मी अजून तेच सांगते.