धाकटी आणि रविवारचं पार्सल

आमच्या धाकटीने भांडणात आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. तिला त्याची गरजच पडायची नाही, आणि नेमकं तेच मला खुपायचं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. पनवेलच्या या घरात मी नऊ वर्षं काढल्यावर ती लग्न होऊन आली आणि दोन महिन्यांत घर तिचं झालं.

रविवारी दुपारी मटण झालं की संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही, ही सासूबाईंची पद्धत. मग पार्सल. पण कुठून, यावर चार वाजल्यापासून वाद. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, उडुप्याचा डोसा हवा, भाऊजींना हायवेवरच्या ढाब्याची तंदुरी, माझ्या मुलांना गाडीवरच्या नूडल्स. सासूबाईंना काहीच नको असायचं, पण आणलेलं पसंतही पडायचं नाही. मला कोणी विचारत नसे. पिशवीत बांधलेला रस्सा आमच्याकडे चालायचा नाही, म्हणून नवऱ्याच्या हातात स्टीलचा डबा द्यायचा, एवढंच माझं काम.

धाकटी कोथिंबीर निवडत सगळ्यांना भांडू द्यायची. मग हळूच म्हणायची, "अण्णा, तुम्हीच म्हणाला होतात ना बुधवारी, उडुप्याचं सांबार हल्ली पाणचट झालंय?" अण्णा जरा विचारात पडायचे, "म्हणालो होतो खरा," असं पुटपुटायचे आणि पावभाजीला कबूल व्हायचे. पुढच्या रविवारी हीच मात्रा भाऊजींना. ही धडधडीत थापा मारते आणि सगळे भुलतात, याबद्दल मला शंका नव्हती.

एकदा मीही करून पाहिलं. "अण्णा, तुम्हीच म्हणाला होतात ना, एकदा नूडल्स खाऊन बघू?" अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी? शुद्धीवर होतो का?" सगळे हसले. धाकटीही हसली. बाकीच्यांचं मी विसरले, तिचं नाही.

मी जळत होते, दुसरा शब्द नाही. तिच्या पोळ्या जाड व्हायच्या, मासे साफ करायला घेतले की निम्मा मासा कचऱ्यात जायचा, आणि तरी साडीचा रंग सासूबाई तिलाच विचारायच्या.

अशाच एका रविवारी, वाद ऐन रंगात असताना, ती म्हणाली, "आज ताईंच्या आवडीचं आणू या. मार्केटमागच्या खानावळीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि तांदळाच्या भाकऱ्या. ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, अगदी माहेरच्यासारख्या लागतात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पार्सलच्या वादात असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि मी खरंच तसं म्हणाले होते. गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या माहेरचा, उरणचा विषय निघाला होता, तेव्हा. पण मला वाटलं, आता हिची मात्रा माझ्यावर. "मी असं काही म्हटलेलं नाही," मी ताडकन म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल," एवढंच ती बोलली. त्या दिवशी तंदुरी आली. पुढे अण्णांच्या, भाऊजींच्या बोलण्याची ती आठवण करून द्यायची, माझं बोलणं मात्र तिने पुन्हा कधी काढलं नाही.

वर्षभरात भाऊजींची नाशिकला बदली झाली. एसटी स्टँडवर ती माझ्या पाया पडली. मी "जपून राहा" म्हटलं आणि मनात म्हटलं, सुटले बाई.

काही दिवसांनी मी एकटीच डबा घेऊन त्या खानावळीत गेले. चालवणारी बाई आमच्या उरणजवळच्या मोरा गावची, तोंडाने फटकळ. मला ओळखून म्हणाली, "तुमची जाऊ आलती एकदा, रयवारची सकालची. आमच्या ताईंना लय आवडतात, म्हनली. मी तिसऱ्या ठेवल्या पन, मंग कोनी आलाच नाय."

मी डबा भरून घेतला. घरी येऊन ताटात वाढून घेतलं, आणि तसंच पुन्हा डब्यात भरून ठेवलं.

आता रविवारी सगळे मलाच विचारतात आणि मी सांगेन ते मुकाट्याने आणतात. मी काय सांगितलं होतं, हे सोमवारी कोणाच्या लक्षात नसतं. माझं जळणं काही गेलेलं नाही. फक्त आता मी नाशिकच्या तिच्या शेजारणीवर जळते. ती बाई काहीतरी सहज बोलून जात असेल, आणि धाकटी ऐकत असेल.