विरोधी पक्षाची चिठ्ठी

गल्लीत त्याला ‘विरोधी पक्ष’ म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, ते तिथंच राहिलं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक लांब बाक एवढं त्याचं सलून. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते दुपारी बंद राही, कारण मालक नगरपालिकेच्या सभेला गेलेला असे. संध्याकाळी दुकान उघडलं की बाक भरून जाई. त्यातल्या निम्म्या लोकांचे केस कापायला झालेलेही नसत.

“मी सरळ उभा राहिलो,” गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून तो सांगे, “आणि म्हणालो, अध्यक्षसाहेब, गटाराचं झाकण काय तुमच्या घरी नेऊन ठेवलंय? सगळी सभा चिडीचूप!” गिऱ्हाईकही चिडीचूप बसे, मानेवर वस्तरा असताना कोण शंका काढणार?

खरी गोष्ट अशी, की बारा वर्षांत तो एकदाही उभा राहिला नव्हता. नागरिकाला सभेत बोलायचं तर चिठ्ठी भरून शिपायाकडे द्यावी लागे. हा दर वेळी चिठ्ठी भरी, तिची घडी घाली आणि खिशात ठेवून देई. ऐन वेळी जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या सभेहून तो घरी आला तेव्हा आईनं विचारलं होतं, “काय बोललास रे?” आणि जे बोलायचं ठरवलं होतं, तेच ‘बोललो’ म्हणून त्यानं सांगून टाकलं. आई इतकी खूश झाली की मग माघार घेता येईना. थापेचं असंच असतं, एकीला ओसरी दिली की ती हातपाय पसरते.

त्याला लबाड म्हणायची घाई कुणी करू नये. तो निदान जात तरी होता. प्रेक्षक सज्जातल्या चाळीस खुर्च्यांपैकी एकोणचाळीस बारा वर्षं रिकाम्या होत्या, त्या आपल्याच होत्या.

गेल्या वर्षी मात्र त्यानं कहर केला. “सांगून आलो त्यांना, सभा लोकांना दाखवा, लपवता कशाला?” असं ठोकून दिलं. आणि काय दुर्दैव पाहा, तसा कायदाच झाला! प्रत्येक सरकारी कचेरीनं आपली जाहीर सभा इंटरनेटवर थेट दाखवायची. गल्लीनं त्याची पाठ थोपटून लाल केली, आणि आता आपण सभेत गप्प बसतो हे सगळ्यांना दिसणार, हे त्याला कळून चुकलं.

त्यात पहिल्याच थेट सभेत विषय होता गल्लीतला दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे हलवण्याचा. आईच्या पायाला मधुमेहामुळे न भरणारी जखम होती; दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला ती काठी टेकत त्याच दवाखान्यात जाई. गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी आपला टीव्ही आणून सलूनमध्ये लावला. “अख्खी गल्ली बघणार आहे. सोडू नकोस त्यांना,” ते म्हणाले.

“मी पहिल्या खुर्चीत बसणार,” आई म्हणाली. “इतकी वर्षं नुसतं ऐकलं. एकदा डोळे भरून बघू दे.”

त्या आठवड्यात तापाचं सोंग घ्यावं का, टीव्हीची वायरच कापावी का, असले विचार करता करता त्यानं एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लावली.

मंगळवारी तो सज्जात जाऊन बसला. समोरच्या कोपऱ्यात कॅमेरा होता, त्याच्यावर लाल दिवा. कॅमेऱ्याचं तोंड थेट त्याच्याकडे. शिपाई चिठ्ठ्या घ्यायला आला आणि सवयीनं त्याच्यासमोरून न थांबता पुढे गेला. चार पावलं, पाच पावलं. दार आलं.

“अहो,” तो ओरडला, “थांबा!”

चिठ्ठी घामानं ओली झाली होती. शिपायानं ती दोन बोटांत धरून नेली.

आठवा विषय निघाला, दवाखान्याचा, तसा तो उठून उभा राहिला. सचिवबाईंनी चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “अध्यक्ष महोदय,” त्या माइकवर म्हणाल्या, “हे गृहस्थ बारा वर्षं प्रत्येक सभेला येतात. आजवर एक शब्द बोललेले नाहीत. आज पहिल्यांदाच बोलताहेत. त्यांना दोन मिनिटं जादा द्यावीत, ही विनंती.”

बाईंचा हेतू किती चांगला! आणि त्या चांगल्या हेतूनं भर सभेत, थेट प्रक्षेपणात, त्याची बारा वर्षं धुऊन काढली. त्याच्या डोळ्यांपुढे आली ती सलूनमधली पहिली खुर्ची आणि तिच्यात बसलेली आई. ज्या अब्रूसाठी तो उठला होता ती तर गेली. आता बसला असता तरी काय बिघडणार होतं?

त्यानं समोरचा कठडा घट्ट धरला.

“बाई म्हणतात ते खरंय,” तो म्हणाला. “मी भित्रा माणूस आहे. लोकांना खोटं सांगत आलो. पण माझ्या आईच्या पायाला जखम आहे, ती खरी आहे. तो रस्ता ओलांडायला मला धावावं लागतं, साहेब. ती कशी धावणार?” पुढचं पाठ केलेलं सगळं तो विसरला. “एवढंच,” म्हणाला, पण बसायचंही विसरला.

सभागृहात कुजबुज झाली. तो रस्ता कुणी पायी ओलांडून पाहिलाय का, असं एका सदस्यानं विचारलं. कुणीच हात वर केला नाही. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

तो परतला तेव्हा बाक रिकामा होता. मास्तर टीव्हीची वायर गुंडाळत होते. त्याला पाहून त्यांनी मान खाली घातली आणि बाहेर पडले. आई पहिल्या खुर्चीतच होती.

“आई, त्याचं काय झालं...”

“सांगू नकोस,” ती म्हणाली. “मी पाहिलंय.”

तो उभाच राहिला. आरशांत तिन्हीकडे त्याचंच तोंड दिसत होतं.

“बारा वर्षं मला बनवलंस. तो राग जाईल तेव्हा जाईल,” आई म्हणाली. तिचा आवाज कापला. “पण तो कठडा कसा थरथरत होता रे तुझ्या हाताखाली! आणि तरी तू खाली बसला नाहीस.”