सुईमावशींची जादा भागांची पिशवी

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी दुपारी सुईमावशींना मी फोनवर काय काय बोलले! "कसलं ते तुमचं लिनक्स बसवून दिलंत? बाबांचा आवाज गेला ना पुन्हा!" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आता कशाला हात लावू नकोस. आलेच."

सुईमावशी म्हणजे आमच्या खालच्या रस्त्यावर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाई. वय साठीपुढचं, चष्म्याला दोरी, बोटांना कायम तेलाचा वास. तरुणपणी कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवायच्या. मशीन बिघडलं की मेकॅनिक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागायचं. ते त्यांना सोसेना, म्हणून स्वतःच मशीन खोलायला शिकल्या. पुढे संगणकावर चालणारी भरतकामाची मशीनं आली, तेव्हा त्यांच्यापायी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणालीही शिकल्या. "नवऱ्याशी भांडले नसेन इतकी त्या काळ्या खिडकीशी भांडलेय," असं त्या सांगतात. काळी खिडकी म्हणजे जिच्यात हुकूम टाइप करून संगणकाला कामाला लावतात ती.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज कायमचा गेला, तेव्हा आमच्या जुन्यापान्या संगणकावर लिनक्स चढवून, टाइप केलेलं मोठ्याने बोलणारा प्रोग्राम मावशींनीच बसवून दिला. आवाज सपाट, पण बाबा त्यातूनही पहिल्यासारखेच खवचट बोलायचे. तो प्रोग्राम ते कधी बंद करत नसत, संगणकसुद्धा नाही. न जाणो, पुन्हा सुरूच झाला नाही तर?

आणि नेमकं तेच झालं. दीड वाजता प्रोग्रामने आपणहून नवी आवृत्ती उतरवून घेतली, 'पुन्हा सुरू होत आहे' असं दाखवलं, आणि जो बंद झाला तो झालाच. बाबा क्लिक करकरून थकले.

एरवी मी म्हटलं असतं, होईल उद्या. पण बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, दूरच्या शहरात दवाखान्यात होती. साडेचारला तिच्या हृदयाचं ऑपरेशन. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, म्हणजे मेसेज वाचण्याचा प्रश्नच नाही. तिने डॉक्टरांना बजावलं होतं, "चारला माझ्या भावाचा फोन येईल. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी आत जाणार नाही." मी म्हटलं, बाबा, तुम्ही लिहा, मी तिला वाचून दाखवते. बाबांनी वहीत लिहिलं, 'माझं मी बोलणार.' घ्या! भाऊ हट्टी की बहीण, तुम्हीच ठरवा.

सुईमावशी आल्या तेव्हा अडीच वाजले होते. खांद्याला अवजारांची पिशवी, जशी मशीन दुरुस्तीला न्यावी तशीच. त्यांची एक रीत आहे: गिऱ्हाइकाने मशीन चालवून दाखवल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावत नाहीत. "भाऊ, रोज जसं करता तसं करा. कुठे अडतं ते मला बघू दे." बाबांनी क्लिक केलं. काही नाही. मग मावशींनी काळी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं आणि आलेली ओळ बोटाने वाचली.

"नवा प्रोग्राम व्यवस्थित आलाय. पण त्याला उठवणारी एक छोटी फाइल असते, कोणत्या आवाजात बोलायचं तेही तीच सांगते. ती जागेवर नाही. अपडेटने तिला हाक मारली, तर तिथे कुणीच नाही." मग त्यांनी आणखी एक हुकूम दिला. "या फोल्डरला शेवटचा हात लागलाय तीन आठवड्यांपूर्वी. रविवारी, सकाळी अकराला."

त्या रविवारी मी कपाटं आवरली होती, आणि त्याच झपाट्यात संगणकही. सारख्या नावाच्या दोन फाइली दिसल्या, एक जास्तीची वाटली, दिली उडवून. वर कचरापेटीही रिकामी केली! प्रोग्राम चालूच होता, त्यामुळे तीन आठवडे कुणाला पत्ता लागला नाही. फोनवर एवढी तोंड वाजवणारी मी, आता उगीच टेबल पुसत बसले. बाबांनी वहीचं पान फाडून मावशींना काहीतरी लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं आणि पिशवीत टाकलं. मला वाटलं, मशीनचंच काहीतरी असेल.

मावशींची दुसरी रीत अशी की बसवलेल्या प्रत्येक मशीनच्या भागांचा एक जादा जोड त्या कापडी पिशवीत बांधून जपतात. त्या पिशवीतून एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यात आमच्या संगणकाच्या सगळ्या फाइली, ती छोटीसुद्धा. ती जागेवर ठेवली, प्रोग्रामला हाक मारली, तर उत्तर: परवानगी नाही. साडेतीन झाले होते. मावशी मात्र हसल्या. "अगंबाई, पेन ड्राइव्हवरून आली ना, चालायची परवानगी तिकडेच विसरून आली." एक हुकूम दिला, पुन्हा हाक मारली. प्रोग्रामची खिडकी उघडली. बाबांनी टाइप केलं आणि खोलीत तो सपाट आवाज उमटला, "मावशी, तुमचे पाय कुठे आहेत?"

चारला फोन लावून संगणकाजवळ धरला. आत्या म्हणाली, "बोल."

"ताई, घाबरलीस का?"

"हो रे."

"मीपण घाबरलो होतो. झोप लागते आणि संपतं. उठलीस की मी इथेच असेन."

पलीकडे आत्या हसली. म्हणाली, "चला, न्या आता मला." रात्री आठला कळलं, ऑपरेशन नीट झालं.

पण त्याआधीच मावशी निघाल्या होत्या. मी जिन्यात त्यांना गाठलं. "मावशी, ती फाइल मीच उडवली होती. वर तुम्हालाच बोलले. आणि बाबांना सांगायची मला हिंमत होत नाहीये."

"त्यांना माहितीये," मावशी म्हणाल्या, आणि पिशवीतून तो कागद काढून माझ्या हातात दिला. बाबांचं अक्षर. 'रविवारी तिने आवरलं होतं. तिला काही बोलू नका. माझा आवाज गेला त्या दिवसापासून हे घर तीच आवरते आहे.'

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. मावशीही पिशवी खाली ठेवून शेजारी बसल्या.