मैदानाच्या कडेची खुर्ची

कॉलेजच्या स्टाफरूमच्या खिडकीतून मैदान दिसतं. संध्याकाळी तिथे मुलींचा खो-खो चालतो आणि कडेला एक लाल प्लास्टिकची खुर्ची असते.

माझ्या वर्गातल्या सुजाताने कोचविरुद्ध तक्रार केली, तेव्हा विद्यापीठाची समिती आली होती. "अगं, खो-खोत पाठीला हात लागायचाच," समितीतले एक प्राध्यापक म्हणाले. सुजाता म्हणाली, "सर, खो देणारा हात मला न बघताही कळतो. हा तसा नव्हता." कोचना समज दिली गेली आणि सरावाला एका मॅडमनी मैदानावर बसावं असं ठरलं. खुर्ची आली ती त्यासाठी.

मॅडम आठवडाभर बसल्या. मग परीक्षा आल्या, पेपर आले. आपण न्याय करत नाही, त्याच्या बसण्याची सोय करतो आणि आपापल्या कामाला लागतो.

सुजाताने खेळ सोडला. माझ्या तासाला ती हल्ली शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसते.

आज कोच आले आणि सरळ त्या खुर्चीत बसले. शिट्टी वाजली. मुली नेहमीसारख्या रांगेत बसल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. निम्म्या मुलींची पाठ खुर्चीकडे होती.